धागा: मुलगी आठवीला हायस्कूलला चाललीय, सेमी घेतलंय. अभ्यासाची घडी कशी बसवायची?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यात, बरंच आत, डोंगराकडं. गावात झेडपीची शाळा सातवीपर्यंत आहे, पोरगी तिथंच शिकली. वर्गात मोजकी पोरं, दोन गुरुजी आणि एक बाई सगळं शिकवणार, कुणाला काय येतं कुणाला नाही हे त्यांना तोंडपाठ. आता जूनपासून आठवीला बाजारगावच्या हायस्कूलला जाणार, एसटीनं. तिथं एका तुकडीत साठ-पासष्ट पोरं, तासाला सर बदलणार, आणि अ तुकडी सेमी इंग्लिश, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीत. तिनं स्वतः हट्टानं सेमी घेतलंय.

घरात आम्ही दोघं दहावीपर्यंतच, शेती आणि दूध बघतो, त्यामुळं आठवीचं गणित मला शिकवता येईल असं नाही. शेजारीपाजारी म्हणतात आत्ताच क्लास लाव नाहीतर मागं पडेल. क्लास संध्याकाळी सहाला सुटतो आणि त्यानंतर आमच्या गावाला गाडी नाही. तर ज्यांची पोरं अशी गावातल्या शाळेतून हायस्कूलला गेली किंवा जे स्वतः असे गेले त्यांनी सांगा, सुरुवातीला काय केलं म्हणजे जड जात नाही? रोज किती तास बसवायचं? आणि क्लासचं काय करू?

चहाबाज
पोरीनं स्वतः हट्टानं सेमी घेतलंय ना, मग निम्मं काम झालं. आमच्याकडे हट्ट फक्त वडापावसाठी होतो :)

दोनमुलांचीआई
दादा, तास मोजू नका. माझा मोठा तीन तास पुस्तक उघडून बसायचा आणि विचारलं तर काही सांगता यायचं नाही, धाकटी तासाभरात उठायची आणि धडा सांगायची. पहिला महिना फक्त एवढंच बघा की शाळेतून आल्यावर खाऊन, जरा लोळून, मग ठरल्या वेळेला ठरल्या जागी बसते का. आमच्याकडे जागा ठरली तेव्हा फरक पडला, टीव्हीकडे पाठ करून भिंतीला टेकून एक चौरंग. वेगळी खोली वगैरे काही लागत नाही.

गणिताचे_गुरुजी
कोयनाकाठ, मी हायस्कूलला आठवी ते दहावी गणित शिकवून निवृत्त झालो, सातारा जिल्ह्यातच. बाहेरगावच्या शाळांतून येणारी मुलं दरवर्षी बघितली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठवीत गणितात मूल अडकतं ते आठवीच्या गणितामुळं नाही. अडकतं ते पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांमुळं. आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्यांचा, म्हणजे जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात संख्यारेषेवर ऋण अपूर्णांक दाखवायचे, लहानमोठेपणा ठरवायचा. पुढं घातांक, विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, सगळीकडं चिन्हं आणि अपूर्णांक. ते कच्चं असलं की सरांनी कितीही चांगलं शिकवू दे, फळ्यावरचं उतरवून घेतलं जातं आणि डोक्यात काही उतरत नाही.

तर मे महिन्यात एक काम करा, याला तुम्हाला आठवीचं गणित यायची गरज नाही. एका कागदावर तिला ही उदाहरणं घाला: ३/४ + ५/६ किती. उणे ७ मधून उणे ३ वजा केले तर किती. २/३ मोठा की ३/५. एका वस्तूची किंमत ८०० रुपये, १५ टक्के सूट, तर किती द्यायचे. ३क्ष + ५ = २० तर क्ष किती. उत्तरं अनुक्रमे १९/१२, उणे ४, २/३ मोठा, ६८० रुपये आणि ५. पहिल्याचं उत्तर तिनं ८/१० काढलं, म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवले, तर समजायचं की पाचवीचं पुस्तक काढायला पाहिजे. त्यात लाजायचं काही नाही, माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं हेच उत्तर काढायची, आणि त्यात शहरातली, क्लासवालीही असायची.

जुनी पुस्तकं घरात नसली तरी बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातला अपूर्णांकांचा, पूर्णांक संख्यांचा आणि गुणोत्तराचा भाग रोज थोडा सोडवून घ्या. आठवीचं पुस्तक मात्र आधीच सोडवून घ्यायला लावू नका. मूल वर्गात 'हे मला येतंय' म्हणून कान बंद करतं आणि मधलीच पायरी निसटते.

भाकरीठेचा
गुरुजी, ते ८/१० वाचून घरात परीक्षा घेतली. पोरगा बरोबर, पोराच्या वडिलांचं ८/१० आलं. जेवण लांबलंय.

सरळमार्गी
गुरुजींचा अनुभव मोठा आहे पण मी क्लासच्या बाजूनं बोलणार. स्वतः शिकवणी घेतो म्हणून नाही, कारण धागाकर्त्यानं स्पष्ट लिहिलंय की घरात विचारायला कोणी नाही. साठ पोरांच्या तुकडीत पस्तीस मिनिटांच्या तासात सर कुणाकुणाकडं बघणार? अडलेलं उदाहरण त्या दिवशी सुटलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं असतं. ज्यांच्या घरी आईबाप इंजिनिअर त्यांनी 'क्लास नको' म्हणणं सोपं आहे.

शेवटचा_बाक
मी वरच्या दोघांच्या मधलं सांगतो. झेडपी शाळेतून आठवीला सेमी घेतलेला मुलगा मीच, आता डिप्लोमा झाला, कराडला नोकरी करतो.

पहिले दोन महिने विज्ञानाच्या तासाला सर काय बोलतात ते अर्धं कळायचं नाही. गंमत अशी की विषय माहिती असायचा. वीज, चुंबक, अणू हे सातवीपर्यंत मराठीत वाचलेलंच, फक्त आता सगळ्याची नावं बदललेली. मी केलं काय, तर शंभर पानी वही मध्ये रेघ मारून दोन भागांत केली. डावीकडं वर्गात ऐकलेला शब्द, जसा ऐकला तसा, स्पेलिंग नंतर. उजवीकडं आपला शब्द. डिनॉमिनेटर, छेद. इक्वेशन, समीकरण. प्रेशर, दाब. पॅरलल, समांतर. आमच्या शाळेच्या लायब्ररीत त्याच धड्याचं मराठी माध्यमाचं पुस्तक होतं. सेमीचं आणि मराठीचं पुस्तक धड्याला धडा, आकृतीला आकृती सारखंच असतं, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की शब्द आपोआप जुळतात. आधी मराठीतून धडा वाचायचा, मग इंग्रजीतून. दिवाळीनंतर मराठी पुस्तक उघडायची गरज पडली नाही.

आणि सरळमार्गी, विचारायला कोणी नाही हे खरं, पण माझ्याकडेही कोणी नव्हतं. मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात जाऊन उभा राहायचो. साठ पोरांत सरांना नाव माहीत नसतं, पण दोनचार वेळा शंका घेऊन गेलं की नाव कळतं. पोरीला हे आधी सांगून ठेवा की हायस्कूलला सर आपल्याकडं येत नाहीत, आपण जायचं असतं. गावच्या शाळेत गुरुजी जवळ येऊन वही बघतात, त्यामुळं पोरांना विचारायची सवयच नसते.

पेडण्याची_पोर
आमच्या गोव्यात हा धक्का आठवीला नाही, पाचवीलाच बसतो. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम आणि पाचवीपासून बहुतेक हायस्कुलं इंग्रजी, ते पण सगळेच विषय, इतिहास-भूगोलसुद्धा. दहा वर्षांचं पोर. सेमीत निदान इतिहास मराठीत आहे. माझ्या भाचीला पाचवीत तिच्या आईनं रोज एकच काम लावलं होतं, त्या दिवशीच्या धड्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं, ती मासे साफ करत नुसती ऐकायची. पोर वाचता वाचता अडखळायची, परत वाचायची. वाचायची भीती गेली की पुढचं सोपं जातं. कोयनाकाठदादा, हे तुम्हीपण करू शकता, गोठ्यात धार काढताना वाचायला सांगा :)

चहाबाज
म्हशीचं इंग्रजी सुधारेल ते वेगळंच.

रोजनिशी
+१ मोठ्यानं वाचण्याला. पण नुसतं वाचून थांबू नका.

मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी आहे, अभ्यासक्रमात वाचलेलं सांगते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा परत वाचायला लावला, दुसरा बाजूला ठेवून त्यातलं आठवेल ते लिहून काढायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचलेला उतारा जास्त आठवला. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तर लिहून काढलेला जास्त आठवला. म्हणजे परत परत वाचल्यावर 'झालं माझं पाठ' असं वाटतं आणि ते त्या क्षणापुरतं खरंही असतं, पण टिकत नाही.

घरी करायचं तर असं: शाळेतून आल्यावर त्या दिवशीचे तास आठवायचे, पुस्तक दप्तरातच. कोऱ्या पानावर प्रत्येक विषयाचं आठवेल ते लिहायचं, तुटक चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईनं भरायचं. रविवारी तीच पानं झाकून परत. याला क्लास लागत नाही आणि इंग्रजी येणारा पालकही लागत नाही. आईवडिलांनी फक्त ते पान बघायचं, निळं किती आणि लाल किती.

दोनमुलांचीआई
रोजनिशी, हे फार आवडलं. माझी धाकटी न सांगता हेच करत होती बहुतेक, ती मला धडा 'सांगायची'.

गाईडवाला
सगळं खरं पण शेवटी पेपरात प्रश्नोत्तरं येतात. गाईड आणा, उत्तरं पाठ करा, ८० टक्के कुठं जात नाहीत. आम्ही तेच केलं.

गणिताचे_गुरुजी
गाईडवाला, इतिहासात एकवेळ चालून जाईल. भूमितीत नववीला सिद्धता सुरू होतात, पक्ष, साध्य, सिद्धता. प्रत्येक पायरीचं कारण लिहायचं असतं. पाठ केलेल्या मुलाच्या आकृतीतली अक्षरं बदलून दिली की हात थांबतो, हे मी पेपर तपासताना बघत आलोय. आकृती अबक ऐवजी पफब दिली तरी पाठ केलेलं उत्तर अबकचंच येतं. गाईड घरात असू दे, पण आधी स्वतः लिहायचं आणि मग ताडून बघायला ते उघडायचं.

गाईडवाला
बरं गुरुजी. पण भाषेच्या विषयांना निबंध तरी त्यातनं वाचावेत की नको?

गणिताचे_गुरुजी
भाषेचं भाषेच्या बाईंना विचारा, मी त्यात पडत नाही.

झाडावरचीमैना
अभ्यासाच्या धाग्यावर वेगळं लिहितेय पण लिहायलाच हवं, मुलगी आहे म्हणून. एसटीनं जाणार म्हणजे सकाळी नऊला घर सोडणार आणि संध्याकाळी सहाला परत. हायस्कूलच्या मुलींच्या स्वच्छतागृहाची अवस्था एकदा स्वतः आईनं जाऊन बघावी. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, जायला नको म्हणून. दुपारनंतर डोकं दुखायचं, लक्ष लागायचं नाही आणि घरी म्हणायचे हिला अभ्यासाचा कंटाळा. पाळी याच वयात सुरू होते. दप्तरात एक छोटी पिशवी, पॅड आणि जुनी चड्डी, कायम. आणि कुठल्या बाईंना सांगायचं ते पहिल्या आठवड्यात तिला ठरवू द्या. अवस्था वाईट असेल तर पालक सभेत विषय काढा, आमच्या शाळेत चार आया एकत्र गेल्या तेव्हा दाराला कडी आणि नळाला पाणी आलं.

पेडण्याची_पोर
मैना, शंभर टक्के. आणि हे बाबांनीपण वाचावं.

खडूफळा
कोयनाकाठ, तीन कामाच्या गोष्टी राहिल्यात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेपर्यंतचा एसटी पास मोफत असतो, जूनमध्ये शाळेकडून फॉर्म भरून घ्या.

दुसरं, एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीतच एकदा ही परीक्षा देता येते, तिची माहिती न मिळाल्यानं हुशार पोरं राहून जातात. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि सातवीला ५५ टक्के, एससी-एसटीला पाच टक्के सूट. दोन पेपर, प्रत्येकी ९० गुण, एक बौद्धिक क्षमतेचा आणि दुसरा विज्ञान, समाजशास्त्र, गणिताचा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. फॉर्म शाळेतर्फेच जातो, त्यामुळं मुख्याध्यापकांना सुरुवातीलाच विचारून ठेवा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. तयारीसाठी वेगळं काही नाही, सातवी-आठवीचाच अभ्यास.

तिसरं, आठवीपर्यंत नापास करत नाहीत हे आता जुनं झालं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात राहिलं तर पुन्हा एक संधी, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. घाबरायचं नाही, पण माहीत असू दे.

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत हायस्कूल नववीला सुरू होतं आणि नववीपासूनचे ग्रेड्स कॉलेजच्या अर्जापर्यंत सोबत जातात, त्यामुळे पोरं पहिल्या दिवसापासून टेन्शनमध्ये. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी वाटली, वही-डायरीत 'कधी द्यायचंय' लिहायची सवय. विषयाला वेगळे शिक्षक म्हटल्यावर प्रत्येकाला आपापलाच गृहपाठ दिसतो, पाच जणांचा मिळून किती झाला ते मुलालाच बघावं लागतं. आमच्या मुलाची गडबड अभ्यास न येण्यामुळे नव्हती, काय कधी द्यायचं ते डोक्यात ठेवण्यामुळे होती.

शेवटचा_बाक
हे बरोबर. आमच्याकडं पण प्रयोगवही, भूगोलाची नकाशावही, चित्रकला सगळं एकाच शनिवारी यायचं.

सरळमार्गी
माझा मुद्दा अजून तिथंच आहे. वहीत निळं-लाल करून जे कळलंच नाही ते कसं कळणार?

रोजनिशी
नाही कळणार, बरोबर आहे तुमचं. पण नेमकं काय कळलं नाही हे कळेल. 'मला गणित येत नाही' म्हणून कुणाकडं गेलं तर समोरचा पहिल्यापासून सुरू करतो. 'कंसाबाहेर वजा असलं की आतली चिन्हं का बदलतात' असं विचारलं तर पाच मिनिटांत सुटतं, आणि ते मधल्या सुट्टीतही सुटतं.

सरळमार्गी
हे पटलं. तरी एक पुस्ती जोडतो, पहिली घटक चाचणी होऊ द्या, पेपर घरी आला की कुठं गुण गेले ते बघा. फक्त एका विषयात जात असतील तर त्या एका विषयापुरता रविवारचा कोणी शोधा, रोजचा सगळ्या विषयांचा क्लास आणि शेवटची गाडी चुकवणं नको. चौदाएक वर्षांची पोर अंधारात रस्त्यावर थांबवण्याइतकं कुठलंच गणित मोठं नाही, हे मी शिकवणीवाला सांगतोय.

भाकरीठेचा
सरळमार्गींना माझ्याकडून एक ठेचा-भाकरी.

मोबाईलग्रस्त
शाळा सगळा गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, मग फोन हातात द्यावाच लागतो आणि एकदा गेला की परत येत नाही. यावर कोणी काही करतं का?

दोनमुलांचीआई
गृहपाठ वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन परत. उतरवायला दहा मिनिटं. आमच्याकडे फोन स्वयंपाकघरातच चार्जिंगला असतो, ग्रुपही तिथंच उभं राहून बघायचा. बसायला खुर्ची नाही ठेवली.

कोयनाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, रात्री सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. गुरुजी, तुमची पाचही उदाहरणं घातली. अपूर्णांकाचं बरोबर आलं, टक्केवारी पण आली, पण उणे सातमधून उणे तीनचं उणे दहा काढलं, आणि परत विचारलं तर दहा. म्हणजे चिन्हांचं कच्चं आहे, ते कळलं. पूर्णांकांचं सहावीच्या पुस्तकात आहे ते काढलंय फोनवर, उद्या बाजारगावात झेरॉक्स करून आणतो. संख्यारेषेवरून शिकवायचं की नियम सांगायचा?

तिच्या आईनं मैनाताईंचं वाचलं आणि म्हणाली शाळा सुरू व्हायच्या आधी मी स्वतः जाऊन बघून येते. क्लास आत्ता लावत नाही, घटक चाचणीनंतर बघू. शब्दांची वही तिनं आत्ताच घातलीय, कव्हर पण चढवलं. दुभत्या जनावराला वाचून दाखवायला मात्र तयार नाही.

गणिताचे_गुरुजी
संख्यारेषेवरून, नक्की. नियम आज पाठ होईल आणि जुलैत उलटा आठवेल. अंगणात खडूनं रेघ मारा, मध्ये शून्य, उजवीकडं एक दोन तीन, डावीकडं उणे एक उणे दोन. तिला उणे सातवर उभी करा. बेरीज म्हटलं तर तोंड उजवीकडं, वजाबाकी म्हटलं तर तोंड डावीकडं. संख्या धन असेल तर पुढं चालायचं, ऋण असेल तर तोंड न फिरवता मागं मागं. उणे तीन वजा करायचे म्हणजे तोंड डावीकडं करून तीन पावलं मागं. कुठं पोचते ते तिलाच बघू द्या. आठ-दहा उदाहरणं चालून झाली की मग वहीत.

शेवटचा_बाक
कोयनाकाठ, माझी त्यावेळची दोन भागांची शब्दांची वही गावाकडं असणार, सापडली तर फोटो टाकतो. शब्द अजून तेच आहेत.

नवीन_सभासद
धागा छान. माझाही मुलगा आठवीला जातोय, शाळेनं विचारलंय की संपूर्ण हिंदी घेणार की संयुक्त, म्हणजे ५० गुणांचं हिंदी आणि ५० गुणांचं संस्कृत. सेमी आणि त्यात संस्कृत नवीन, दोन्ही एकदम झेपेल का?

झाडावरचीमैना
माझ्या मुलीनं घेतलं होतं. आठवीला संस्कृत सगळ्यांनाच नवीन असतं, पहिल्या अक्षरापासून सुरू होतं, त्यामुळं कुणी पुढं-मागं नसतं, हा मोठा फायदा. शब्दरूपं, धातुरूपं रोज थोडी म्हणायला लागतात एवढंच. फक्त शाळेत संस्कृतला कायमचे शिक्षक आहेत का ते आधी विचारा, आमच्याकडे वर्षात तीनदा बदलले.